इफ्ताहाच्या लेकीची खाट

आक्का, सापडलं!

शनिवारी दुपारी, डबा खायच्या सुट्टीत, कंपनीच्या मागच्या पायरीवर बसल्या बसल्या सापडलं. मी एवढ्या जोरात "अगं बाई!" म्हणून ओरडले की बियाणं निवडणाऱ्या चौघीजणी हातातलं टाकून पळत आल्या. त्यांना वाटलं अंगावर पाल पडली. मी म्हणलं, पाल न्हाई, वचन! एकोणतिसावं वचन! त्या एकमेकींकडं बघत राह्यल्या. मी डबा तसाच झाकला, चप्पल सरकवली आणि "अर्ध्या तासात येते" असं सुपरवायझरला सांगून गेटाकडं निघाले सुद्धा. एमआयडीसीतून तुझं घर रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. दारातूनच ओरडणार होते मी, "आक्का, इफ्ताहाचं सापडलं!"

गेटापाशी पोचले आणि आठवलं. मंगळवारीच तर तुला माती दिली.

वॉचमन म्हणला, "ताई, जाऊन राह्यल्या का थांबून राह्यल्या?" मी म्हणलं, "थांबून राह्यले." आणि त्याच्या खुर्चीत बसून पदर तोंडात कोंबून रडले. बिचारा पाणी घेऊन आला. आता ह्याला काय सांगू, की मला एक बातमी सांगायचीय आणि ती ऐकणारं माणूस उरलं न्हाई? म्हणून हे लिहून राह्यले. तुला सांगितल्याबिगर मला अन्न गोड लागणार न्हाई.

पहिल्यांदा तू मला दिसलीस ती पांढऱ्या साडीत, हातात थर्मामीटर. समू तेव्हा आठ महिन्यांची. छाती भरली होती लेकराची, चार दिवस ताप हटेना. दवाखान्याच्या त्या लांब वॉर्डात दुपारी दोनच्या सुमाराला मी खाटेच्या खाली फरशीवर गुडघे टेकले आणि मोठ्यानं बोलले की देवा, हिला वाचव, ही तुझी. हिला मी तुझ्या सेवेला वाहीन. सगळ्या वॉर्डानं ऐकलं. तू बाजूला सलाईन बदलून राह्यली होतीस. तू डोळे मिटलेस आणि खणखणीत आवाजात म्हणलीस, "आमेन." केवढा धीर आला मला त्या एका शब्दानं! दुसऱ्या दिवशी समू दूध प्यायली. घरी आल्यावर बाप्तिस्म्याला आम्ही तिचं नाव समर्पिता ठेवलं. आधी जॉयस ठेवायचं ठरलं होतं.

मंग मी तुझा पत्ता काढत तुझ्या दोन खोल्यांच्या घरी आले आणि आलेच. तुझ्या गुरुवारच्या प्रार्थनेला. दोन वर्षं मी तुला "अहो सिस्टर, तुम्ही" करत होते. एक दिवस तू चहा गाळता गाळता वैतागलीस. "सुमन, देवाला तू म्हणतीस आणि मला अहो कशाला? मी काय त्याच्याहून मोठी लागून गेले?" तेव्हापासून तू आक्का.

बाहेरच्या माणसाला हे सांगायला पाहिजे की आपल्या लोकांची वाचायची रीत कशी. सगळे गोल बसायचे, अध्याय ठरायचा आणि ज्याच्या वाट्याला जे वचन येईल ते त्यानं वाचायचं. एकेक वचन, पाळीपाळीनं. वाटणीत गोड वचन आलं तर माणूस खुलतो, वंशावळीतली नावं आली तर घसा खाकरतो. आणि चर्चमधल्या मंडळीची एक जुनी खोड. पुढचा अध्याय अवघड दिसला की चालवणारा घड्याळाकडं बघतो आणि म्हणतो, "वेळेअभावी आपण पुढचा घेऊ." सगळे पटापटा पानं उलटतात. वर्षानुवर्षं उलटतात! बायबलाची ती पानं नव्यासारखी कोरी राहतात, हे तूच आम्हाला दाखवलं होतंस, पानांच्या कडांवरून बोट फिरवून.

तुझ्या घरी मात्र एक वचन गाळायची सोय नव्हती. तुझं म्हणणं, मी तीस वर्षं वॉर्डात काढली, अवघड पेशंटला बघायचं न्हाई म्हणून पुढच्या खाटेवर गेले असते तर मला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं असतं. आणि मंग तू तुझी ती पद्धत काढलीस. ड्युटी बदलताना नर्स कशी एकेका खाटेपाशी उभी राहून दुसरीला सांगते, हिला रात्री काय झालं, हिला काय दिलं, हिच्यावर नजर ठेव. तसं तू गुरुवारी, चहाच्या आधी, अवघड अध्यायांचं हँडओव्हर घ्यायचीस. पहिली खाट, अलीशाला टकल्या म्हणणारी पोरं, बेचाळीस, अस्वलिणींनी फाडलेली. दुसरी खाट, कनानातली गावं, बायका-लेकरांसकट कापलेली. तिसरी खाट हागार, लेकराला घेऊन वाळवंटात हाकललेली. चौथ्या खाटेवर इफ्ताहाची लेक. तिथं तू दरवेळी थांबायचीस. "हिला तर नावच दिलं न्हाई कुणी. केसपेपरवर लिहू काय?"

काय भांडायचो आपण! आठवतं का, आपले वडीलमंडळातले फिलीपदादा अस्वलिणींच्या वेळी म्हणले होते, "सिस्टर, तो काळच तसा होता." तू चष्मा वर केलास. "काळाला ताप येत नसतो दादा. पेशंटला येतो. बेचाळीस पोरं म्हणजे बेचाळीस आया. त्यांच्या दारात जाऊन सांगून या, काळच तसा होता." दादांना अशा मिरच्या झोंबल्या की पुढचे दोन गुरुवार आले न्हाईत. तिसऱ्या गुरुवारी आले ते तीन पानं लिहूनच! त्या दिवशी सात वाजता सुटणारी प्रार्थना साडेआठला सुटली, आणि समूचे पप्पा टेम्पो घेऊन दारात हॉर्न वाजवून राह्यले होते, तरी कुणी उठेना. मी घरी येईपर्यंत माझे कान गरम. पोळ्या लाटताना सुद्धा मी मोठ्यानं भांडत होते, कधी दादांच्या बाजूनं, कधी तुझ्या.

मी एकदा विचारलं, "आक्का, ह्या खाटांना डिस्चार्ज कधी?"

"बऱ्या झाल्यावर."

"आणि न्हाई झाल्या तर?"

"तर बाजूला बसायचं. नर्स आणखी काय करती?"

लोक म्हणायचे, सिस्टरबाईंचा विश्वास डळमळला. मला हसू यायचं. ज्याचा विश्वास डळमळतो तो माणूस घरी बसून टीव्ही बघतो. तू पहाटे उठून यहोशवाच्या पुस्तकाशी भांडायचीस आणि मंग त्याच तोंडानं देवाला म्हणायचीस की आज फिलीपदादाच्या गुडघ्याचं बघ जरा. तुझं देवाशी बोलणं सासर-माहेर दोन्ही एकाच गावात असलेल्या बाईसारखं होतं. सकाळी रुसायचं, संध्याकाळी भाजी घेऊन जायचं.

आता आपल्या भांडणावर येते. आपलं दोघींचं. ते अर्धंच राह्यलं.

समू दहावी झाली तेव्हापासून तिच्या डोक्यात लोखंड शिरलं. टेम्पोतून पप्पांसोबत सळईच्या कारखान्यात गेल्ती एकदा, तिथं तिनं ते मशीन बघितलं. सळई दोन्ही टोकांना धरून ओढतं, ओढतं, तुटेपर्यंत ओढतं, आणि किती ताकदीला तुटली ते काट्यावर दाखवतं. घरी येऊन तीन दिवस दुसरं बोलेना. "मम्मी, तोडून बघितल्याशिवाय शिक्का मारत न्हाईत!" तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं, मेकॅनिकलला. मी म्हणलं, बारावी कर आधी. माझ्या मनात दुसरंच होतं. बारावी झाली की बायबल कॉलेज. शब्द दिला होता मी. सगळ्या वॉर्डासमोर.

तुला सांगितलं तर तू खूश होशील असं वाटलं होतं मला. आमेन म्हणणारी तूच ना!  पुढच्या गुरुवारी तू बायबलातल्या शास्त्यांच्या पुस्तकातला अकरावा अध्याय काढलास.

ज्यानं वाचलं न्हाई त्याच्यासाठी थोडक्यात सांगते. इफ्ताह हा भावांनी घरातून हाकललेला माणूस. शत्रू चालून आला तेव्हा तेच लोक त्याच्या पाया पडत आले, तू आमचा सरदार हो. तो लढाईला निघाला आणि देवाला नवस बोलला की मला जिंकू दे, मंग मी परत आल्यावर माझ्या घराच्या दारातून जे पहिल्यांदा सामोरं येईल ते मी तुला होमात अर्पीन. उचलली जीभ, लावली टाळ्याला! जिंकला. घरी आला. आणि दारातून डफ वाजवत, नाचत आली कोण? त्याची एकुलती एक पोर. त्यानं कपडे फाडले, आणि वर तिलाच म्हणला की तू मला संकटात घातलंस. ती म्हणली, तुम्ही शब्द दिलाय तर तसं करा, फक्त मैत्रिणींसोबत डोंगरात जाऊन रडायला दोन महिने द्या. दोन महिन्यांनी ती परत आली. त्यानं नवस फेडला.

त्या गुरुवारी मी तुझ्यावर तुटून पडले. मी म्हणलं, नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, हे पण शास्त्रातच आहे की! एकदा बोललं ते बोललं. देव म्हणजे काय भाजीवाली, की नको म्हणून परत करावं? फिलीपदादा मधे पडले. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की ती पोरगी मेली न्हाई, नुसती बिनलग्नाची राहून देवाची सेवा करत जगली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी पण म्हणलं, हां, बघा! तू मान हलवलीस. "सोपं उत्तर आलं की नाडी परत बघायची. बापानं कपडे कशासाठी फाडले मंग? इथं होम लिहिलंय दादा. मला पण नको वाटतं, पण लिहिलंय."

तेवढ्यात दारातून आवाज आला. बन्सीशेठ. तुझ्या शेजारी किराण्याचं दुकान, राजस्थानातून आलेलं तीन पिढ्यांचं घर. दर गुरुवारी दुधाची पिशवी द्यायला यायचे आणि वाचन संपेपर्यंत चपला काढून उंबऱ्याबाहेर थांबायचे. अठरा वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "बाई, माफ करा. एक पूछना था. त्या गावात कुणी बडा-बुजुर्ग नव्हता का? बाप पोरीला जाळायला निघाला, दोन महिने टाइम होता. दोन महिन्यात एक माणूस बोलला न्हाई, की बाबा, थांब?"

 मी तुझ्याकडं बघितलं. तुला वादात मुद्दा मिळाला की तुझे डोळे चमकायचे. त्या दिवशी तुझा चेहरा पांढरा पडला होता. चहा उतू गेला तरी तू उठली न्हाईस. त्या गुरुवारी हँडओव्हर झालंच न्हाई.

मला वाटलं मी जिंकले. खोटं कशाला बोलू?

मे महिन्यात मी बायबल कॉलेजचा फॉर्म समूपुढं ठेवला. ती म्हणली, "बरं मम्मी." एवढंच. पोरगी ऐकणारी आहे म्हणून मी चार जणींना कौतुकानं सांगितलं.

आणि मंग तो शुक्रवार. तुझे पाय सुजले होते, दोन शब्दांमागं धाप लागायची. दवाखान्यात जायला तू तयार नव्हतीस. "तीस वर्षं तिथंच होते, आता काय नवीन बघायचंय." मी खिचडी घेऊन आल्ते. तू म्हणलीस, "सुमन, बस. एक हँडओव्हर राह्यलाय."

मी हसत म्हणलं, "कोणती खाट?"

"तुझीच." मंग तू डोळे मिटून, चार्ट वाचावा तसं बोललीस. "त्या दिवशी बारा वाजता समूचा ताप उतरला होता. मीच थर्मामीटर लावला होता. मीच लिहिलं होतं. छाती मोकळी होऊन राह्यली होती. डॉक्टर म्हणले, आता भीती न्हाई. तू डोळा लागून पडली होतीस. उठली की सांगू म्हणलं. आणि दोनला तू उठलीस ती गुडघ्यावरच. तू नवस बोललीस तेव्हा मला माहीत होतं पोरगी वाचली म्हणून. मी सांगायला तोंड उघडलं आणि आमेन म्हणले."

माझ्या हातात ताट तसंच. "का?"

"बरं वाटलं मला. माणूस देवाला काही देऊन राह्यलं की बघणाऱ्याला लई बरं वाटतं. त्याच्यात आपलं काही जात न्हाई ना." तुला धाप लागली. "बन्सीशेठनं विचारलं न्हाई का, कुणी बडा-बुजुर्ग नव्हता का? होता. सलाईन बदलत होता."

आक्का, माझ्या अंगाची लाही लाही झाली. अठरा वर्षं! अठरा वर्षं मी रोज सकाळी उठून म्हणत होते की माझ्या नवसानं माझं लेकरू वाचलं. मी तुला काय म्हणले ते मला लिहवत न्हाई, पण लिहिते. मी म्हणले, "मरायला टेकल्यावर माझा विश्वास काढून घेऊन राह्यलीस का? म्हणजे देवानं माझं ऐकलंच न्हाई?"

तू म्हणलीस, "ऐकलं की गं. तू बोलायच्या आधी."

मी ताट आपटलं आणि निघाले. सलाम न करता. इतक्या वर्षांत तुझ्या दारातून मी "सलाम आक्का" म्हटल्याबिगर कधी बाहेर पडले नव्हते. शनिवारी आले न्हाई, रविवारी उपासनेनंतर आले न्हाई. सोमवारी सकाळी बन्सीशेठचा फोन आला.

माफ कर म्हणायचं राहून गेलं गं. तुझी पण माफी माझ्याकडं तशीच पडून राह्यली. तू मागितलीस आणि मी ती ताटासोबत आपटली.

माती झाल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. तरुण माणूस, घाबरत घाबरतच बोलतात. म्हणले, सिस्टर आधीच सांगून गेल्या आहेत. स्मरणाच्या उपासनेत नेहमीचं मेंढपाळाचं स्तोत्र नको. शास्त्यांचा अकरावा अध्याय वाचायचा आणि तो सुमननं पुढं उभं राहून चालवायचा. "ताई, लोक सांत्वनासाठी येतात हो. तिथं हे कसं?" मी म्हणलं, "साहेब, मला पण नको आहे. पण तिला न्हाई कोण म्हणणार?" शेवटी ते म्हणले, लढाया गाळू, तिसाव्या वचनापासून घेऊ, जिथं तो नवस बोलतो तिथून.

म्हणून शनिवारी मी पायरीवर बसून सराव करत होते. तिसाव्या वचनावर बोट ठेवलं आणि तू कानात बोललीस. वॉर्डातल्या नव्या पोरींना तू कशी दटावायचीस! पेशंटला हात लावायच्या आधी मागची नोंद वाच. काय दिलंय, काय झालंय ते न बघता सुई टोचू नको. मी बोट एक ओळ वर नेलं. एकोणतीस. आणि तिथं स्वच्छ लिहिलंय, की परमेश्वराचा आत्मा इफ्ताहावर आला. आला! आधीच आला! तो लढाईला निघाला, आणि मंग, त्याच्या नंतर, तिसाव्या वचनात, तो नवस बोलतो. मागितला कुणी होता नवस? देव द्यायला आल्ताच की! तो आल्यावर ह्या माणसाला धीर धरवला न्हाई आणि त्यानं पोरीचा सौदा करून टाकला.

बाराचा ताप. दोनचा नवस. एकोणतीस आणि तीस! आक्का, तू त्या शुक्रवारी मला हाच अध्याय शिकवून राह्यली होतीस, आणि मी पदर खोचून निघून गेले!

म्हणून ओरडले मी. म्हणून गेटापर्यंत पळाले.

पण थांब, तू लगेच चष्मा वर करशील. मला माहीत आहे. आत्मा आधी आला हे कळलं म्हणून ती पोरगी वाचली का? न्हाई वाचली. लेकावर सुरी उचललेल्या अब्राहामाचा हात देवानं धरला, इफ्ताहाचा का धरला न्हाई? नवसानंतर त्या अख्ख्या गोष्टीत देवाचा एक शब्द न्हाई. मी चाळिसाव्या वचनापर्यंत तीनदा वाचलं, न्हाई. त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई आणि मला कुणाचं उसनं पण नको. डिस्चार्ज न्हाई. बाजूला बसून राह्यले आहे मी.

काल रविवारी आपल्या देवळात, चर्चमधे, उपासना झाली. गर्दी बघायची होतीस! तू बाळंत केलेल्या बाया त्यांच्या बाप्ये झालेल्या लेकरांना घेऊन आल्त्या. भोकरदनहून एसटीनं आल्त्या, वाटूरहून तुझे भाऊबंद जीप करून आल्ते. बन्सीशेठ पहिल्यांदा आत आले आणि शेवटच्या बाकावर हात जोडून बसले. मी पुढं उभी राह्यले आणि म्हणलं, आक्काच्या घरच्या रीतीनं वाचू, बाकावरून बाकावर, एकेक वचन. आणि तिसाव्यापासून न्हाई, एकोणतिसाव्यापासून. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं.

एकोणतिसावं मी वाचलं. तिसावं फिलीपदादांनी. मंग एकामागं एक. मी काही मोजलं नव्हतं, देवाशप्पथ. छत्तिसावं वचन समूच्या वाट्याला आलं. छत्तिसाव्यात ती लेक बापाला म्हणती, तुम्ही शब्द दिलाय तर माझं तसंच करा.

समू उभी राह्यली आणि वाचलं. अडखळली न्हाई, रडली न्हाई. सपाट, सरळ आवाजात. आक्का, तो आवाज मी ओळखला. "बरं मम्मी" वाला आवाज.  ज्या आवाजाचं मी चार जणींपुढं कौतुक केलं होतं, तो आवाज तीन हजार वर्षांपासून त्या पानात लिहिलेला होता आणि मी तो अध्याय तोंडपाठ असल्यासारखी भांडत होते.

पुढची वचनं कुणी वाचली मला कळलं न्हाई. चाळिसावं संपलं. वाचन संपलं की सगळी मंडळी एका सुरात आमेन म्हणती, ती आपली सवय. सगळ्यांची तोंडं उघडली आणि मी हात वर केला. "थांबा! ह्याला आमेन म्हणू नका." फिलीपदादांचा "आ" तोंडातच अडकला. पाळकसाहेब अर्धे उठले. मी म्हणलं, "दोन महिने होते त्या लोकांकडं. कुणी त्या पोरीला विचारलं न्हाई, बाई, तुला काय पाहिजे? मला अठरा वर्षं होती. मी पण विचारलं न्हाई. आता विचारते. समू, तुला काय पाहिजे?"

 समू लाल झाली, ओढणी तोंडाला लावून म्हणली, "मम्मी, घरी बोलू ना!"

हसले सगळे! तुझ्या स्मरणाच्या उपासनेत, डोळे पुसता पुसता, अख्खं देऊळ हसलं. हसण्यात मागच्या बाकावरून बन्सीशेठचा आवाज सगळ्यात मोठा होता.

घरी आल्यावर ती माझ्यापुढं येऊन उभी राह्यली. मला वाटलं गळ्यात पडेल. कसलं काय! भांडायला आल्ती. "आत्ता विचारलंस? सगळ्यांसमोर? घरात एकदा विचारायला काय झाल्तं तुला?" पाच मिनिटं बोलली, दहा मिनिटं बोलली. एवढं मोठ्यानं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी ऐकून राह्यले. मला एवढा आनंद होऊन राह्यला होता की मी मधेच हसले आणि त्याच्यावर पण ती चिडली.

मंग तिनं कपड्यांच्या घडीखालून एक कागद काढला. पॉलिटेक्निकच्या फॉर्मला जोडायचं हमीपत्र. फॉर्म तिनं आधीच ऑनलाइन भरला होता, मला न सांगता. हमीपत्रावर पालकाची सही पाहिजे होती. आपलं शुक्रवारी भांडण झालं, आणि शनिवारी ही तुझ्याकडं आल्ती, कागद घेऊन. तुला म्हणली, आक्का, मम्मी करणार न्हाई, पालक म्हणून तू सही कर.

"मंग?"

"आक्का न्हाई म्हणली. म्हणली, मी पालक न्हाई. उठून बसवत नव्हतं तिला, मी पाठीमागं उशी लावली. मंग तिनं खालच्या ओळीवर सही केली."

मी कागद बघितला. खालची ओळ साक्षीदाराची. तिथं तुझी सही, तिरकी, दोनदा गिरवलेली, तुझ्या वळणदार अक्षराला न शोभणारी. वरची ओळ, पालकाची, कोरी.

"मी तिला म्हणलं, आक्का, वरची रिकामी राह्यली तर हे चालणार न्हाई. ती म्हणली, रिकामी राहणार न्हाई. तुझी आई येईल."

ताट आपटून गेलेल्या बाईबद्दल तू हे बोललीस. दुसऱ्याच दिवशी.

समूनं पेन दिला. वरच्या ओळीवर मी माझं पूर्ण नाव लिहिलं. पुढं छापलं होतं, विद्यार्थ्याशी नाते. मी लिहिलं, आई.